सगळे शब्द खरे, तरी जाहिरात फसवी: ती वाचायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला यूपीएससीच्या क्लासला घालायचंय, पण तीन-चार क्लासच्या जाहिरातींत एकाच टॉपरचा फोटो दिसतो. वडील टीव्हीवर बघून गुडघ्याचे पट्टे मागवतात. घर बघायला सुरुवात केली तर प्रत्येक स्कीम स्टेशनपासून पाच मिनिटांवर. वाचताना तर कुठे खोटं सापडत नाही, मग जाहिरात फसवी आहे हे ओळखायचं कसं?

खोटं सापडणारही नाही. मी जाहिरात संस्थेत बरीच वर्षं कॉपी लिहिली आणि आता जाहिरात बाहेर पडण्याआधी तिच्यातले दावे पुराव्यांशी ताडून बघण्याचं काम करते. मोठ्या कंपनीची जाहिरात छापायला जाण्याआधी तिच्या कायदा विभागाच्या नजरेखालून जाते. तिथे धडधडीत खोटं वाक्य टिकत नाही. टिकतं ते अर्धं वाक्य. उरलेलं अर्धं वाचणारा आपल्या मनाने पुरं करतो, आणि स्वतःला हवं तसंच करतो. फसगत होते ती या दुसऱ्या अर्ध्यात. म्हणून खोटं शोधत बसू नका. आपण काय ऐकलं आणि तिथे खरोखर काय लिहिलंय, यांच्यातली फट शोधा.

एक नमुना जवळून बघू. 'केसगळती ५ पटींनी कमी' आणि पाचाच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी. शाम्पूच्या धंद्यात ही घडण जुनी आहे, आकडा तेवढा बदलत राहतो. वाचणाऱ्याला वाटतं, मोरीच्या जाळीत अडकणारा केसांचा गुंता आता पाचव्या हिश्शावर येणार. चांदणीचा माग काढत बाटलीच्या मागे गेलात तर असं काहीसं सापडतं: 'तुटण्यामुळे होणारी केसगळती, कंडिशनिंग नसलेल्या शाम्पूच्या तुलनेत, प्रयोगशाळेतील चाचणीनुसार.'

आता एकेक तुकडा वाचा. केस दोन तऱ्हांनी जातो, मुळापासून सुटतो किंवा मध्येच तुटतो. आपल्याला धास्ती असते पहिल्याची, कारण टक्कल त्याने पडतं. दावा आहे फक्त दुसऱ्याचा. तुलना तुम्ही आज वापरता त्या बाटलीशी केलेली नाही. ज्यात केस मऊ करणारं काहीच नाही अशा नुसत्या फेसाशी केलीय. चाचणीही बहुधा कुणाच्या डोक्यावर झालेली नसते. केसांच्या कापलेल्या बटा घेऊन त्यांच्यावर ठरावीक वेळा कंगवा फिरवतात आणि तुटलेले तुकडे मोजतात. कुठलंही बरं कंडिशनर लावलं की कंगवा सरळ फिरतो आणि केस कमी तुटतात. म्हणजे दावा खरा, चाचणी खरी, आकडाही खरा. फक्त तुमच्या केसगळतीशी त्याचा संबंध जवळपास नाही.

याच्यावरून एक सोपी रीत बसवता येते. जाहिरात बघितल्यावर ती बाजूला ठेवा आणि तुम्हाला काय मिळणार असं वाटलं ते एका वाक्यात कागदावर लिहा. मग जाहिरातीत ते वाक्य शोधा. बहुतेक वेळा ते तिथे नसतं. त्याच्या आसपासचं, त्याच्यासारखं दिसणारं दुसरंच काहीतरी असतं. फरक कुठे पडला ते चार प्रश्नांत कळतं: नेमकं कशात? कशाच्या तुलनेत? कुणावर तपासलं? आणि हे म्हणतंय कोण? '९९.९% जंतूंचा नाश' वाचल्यावर 'कोणते जंतू, किती वेळ द्रव लावून ठेवल्यावर, हातावर की काचेच्या पट्टीवर' एवढं विचारलं की दाव्याचा आकार एकदम लहान होतो.

भाषेच्या पातळीवर काही शब्द आम्ही मुद्दाम पेरतो. 'पर्यंत', 'पासून', 'मदत करते', 'साथ देते', 'गुणांनी युक्त', 'लढते'. यांतला प्रत्येक शब्द पाचरीसारखा असतो, उद्या कुणी जाब विचारला तर सुटायला जागा ठेवणारा. 'रोगप्रतिकारशक्तीला साथ देते' म्हणजे किती साथ, कशी साथ, याचं उत्तर कुणी देणं लागत नाही. 'लढते' म्हटलं की जिंकायची जबाबदारी नाही. हे शब्द पेन्सिलने खोडून उरलेलं वाक्य वाचा, आणि मग ते खोडलेल्या शब्दांसकट पुन्हा वाचा. ज्या वाक्याचा अर्थ त्या एका शब्दाने पार बदलतो, तिथे मेख आहे असं समजा.

'पर्यंत'चा सगळ्यांत देखणा वापर सराफी जाहिरातींत दिसतो. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी आली की पहिल्या पानावर 'घडणावळीवर ५०% पर्यंत सूट'. डोळ्यांत भरतं ते ५०%. हिशेब करून बघा. दागिन्यातल्या सोन्याची किंमत १ लाख रुपये धरा आणि घडणावळ २०%, म्हणजे २० हजार. पूर्ण ५०% सूट मिळाली तरी वाचले १० हजार, म्हणजे १ लाख २० हजारांवर जेमतेम ८ टक्के. शेजारच्या पेढीवर घडणावळ मुळातच १०% असेल आणि सूट काहीच नसेल, तर बिल दोन्हीकडे सारखंच येणार. 'पर्यंत'मुळे ती ५०% सूट कदाचित मोजक्याच दागिन्यांवर असेल, हे वेगळंच. मी नातेवाइकांना एवढंच सांगते की सूट विचारू नका. आजचा दर, निव्वळ सोन्याचं वजन, घडणावळ आणि खड्यांचं वजन अशा चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा. खडे सोन्याच्या भावात तोलले तर घडणावळीतली सूट तिथे सव्याज वसूल होते. हॉलमार्कसोबत दागिन्यावर कोरलेला सहा अक्षरांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. त्याने शुद्धता कळते, भाव रास्त आहे की नाही ते कळत नाही. जाहिरातीत मात्र हॉलमार्क बरेचदा अशा थाटात मिरवतात की जणू भावावरही सरकारी शिक्का बसलाय.

आता तुमच्या मुलीच्या क्लासकडे येते, कारण या क्षेत्रातली मखलाशी मला सगळ्यांत संतापजनक वाटते. फसव्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तपासलेलं दिल्लीच्या एका संस्थेचं प्रकरण घ्या. यूपीएससीच्या २०२२च्या परीक्षेत ९३३ उमेदवार निवडले गेले. संस्थेची जाहिरात म्हणाली, त्यातले ६८२ आमचे, पहिले पाचही आमचे. प्राधिकरणाने तपशील मागितला तेव्हा कळलं की ६८२ पैकी ६७४ जणांनी त्या संस्थेत फक्त सराव मुलाखत दिली होती. त्यापलीकडचा अभ्यासक्रम घेणारे होते ८. दुसऱ्या एका संस्थेने २०० हून जास्त निवडींचा दावा केला आणि तपशील दिला १७१ जणांचा. त्यातले १०२ मोफत मुलाखत मार्गदर्शनाचे, ५५ मोफत चाचणी मालिकेचे, ५ जण राज्यांशी केलेल्या करारातून आलेले, आणि प्रत्यक्ष वर्गात बसून सामान्य अध्ययन शिकलेले ९. दोन्ही संस्थांना दंड झाला.

ही युक्ती चालते कशी, ते समजून घेण्यासारखं आहे. पूर्वपरीक्षा लाखो मुलं देतात. मुलाखतीपर्यंत पोचतात साधारण अडीच हजार आणि त्यांतून हजाराच्या आसपास निवडले जातात. म्हणजे मुलाखतीच्या दारात उभा असलेला उमेदवार पूर्व आणि मुख्य परीक्षा आधीच पार करून आलेला असतो, आणि तो निवडला जाण्याची शक्यता मुळातच तीनात एक किंवा थोडी जास्त असते. अशा मुलांना फुकट सराव मुलाखत दिली की झालं. काहीही न शिकवता त्यातले तिसऱ्या हिश्शाहून जास्त 'आपले' होतात. मुलंही एका जागी थांबत नाहीत. हुशार मूल चार ठिकाणी सराव मुलाखत देतं, म्हणून एकच टॉपर चार होर्डिंगवर हसताना दिसतो. तुम्ही बघितलेला चमत्कार तो हाच. चारही क्लास 'हा आमच्याकडे आला होता' एवढंच म्हणतायत. 'आम्ही घडवला' हे वाक्य तुमच्या मनाने पुरं केलं. आणि ज्या दोन-अडीच लाखांच्या फाउंडेशन कोर्ससाठी तुमच्याकडून पैसे घेतले जाणार, तो त्या टॉपरने केलाय की नाही याबद्दल फ्लेक्सवर चकार शब्द नसतो.

१३ नोव्हेंबर २०२४ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी प्राधिकरणाची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. आता निवड झालेल्या मुलाचा फोटो छापायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि फोटोसोबत त्याची रँक, त्याने घेतलेल्या कोर्सचं नाव, कालावधी आणि तो पैसे भरून होता की नाही हे सांगणं बंधनकारक आहे. पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत फिरलात तर यातलं किती दिसतं ते स्वतःच मोजा. क्लासच्या ऑफिसात गेल्यावर एकच प्रश्न विचारायचा: 'ज्या कोर्ससाठी आम्ही फी भरणार त्याला त्या वर्षी किती मुलं होती आणि त्यांतली किती लागली?' अंश सगळे सांगतात, छेद कुणी सांगत नाही. 'आमचे ४० विद्यार्थी' हे ६० पैकी असतील तर कमालच म्हणायची, ६००० पैकी असतील तर बोलण्यासारखं काही नाही. नीट आणि जेईईच्या क्लासनाही हेच लागू. हुशार मुलांना फीमाफी देऊन आपल्या नावावर लावून घेण्याची पद्धत तिथे जुनीच आहे.

सर्वेक्षणाच्या दाव्यांचंही असंच. २०२२मध्ये प्राधिकरणाने सेन्सोडाइनच्या जाहिरातींवर आदेश काढून १० लाखांचा दंड केला. दावे होते 'जगभरातील दंतवैद्यांची शिफारस' आणि 'जगातली क्रमांक एकची सेन्सिटिव्हिटी टूथपेस्ट'. पुरावा म्हणून कंपनीने दिलेली सर्वेक्षणं फक्त भारतातल्या दंतवैद्यांची होती. 'क्रमांक एक' दिसलं की खालची ओळ वाचा. बहुधा एखाद्या विशिष्ट वर्षातला, विशिष्ट गटातला, विक्रीच्या रकमेवरचा क्रमांक असतो. विक्रीत पहिलं म्हणजे गुणात पहिलं, हे पुन्हा आपणच जोडलेलं.

वडिलांच्या पट्ट्याबद्दल. फेब्रुवारी २०२२मध्ये टीव्हीवरून वस्तू विकणाऱ्या नापतोलवर प्राधिकरणाचा १० लाखांच्या दंडाचा आदेश झाला, त्यात चुंबकीय गुडघा पट्टा आणि ॲक्युप्रेशर योगा चपलांच्या जाहिराती होत्या. मला त्या आदेशातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कार्यक्रम आधी चित्रित केलेला आहे हे पडद्यावर सांगा आणि 'आत्ता घेतलं तरच मिळेल' अशी कृत्रिम टंचाई दाखवू नका, असं बजावलं गेलं. निवेदिका घाईघाईने 'फक्त काहीच नग उरलेत' म्हणते ते वाक्य कधी रेकॉर्ड झालंय हे आपल्याला ठाऊक नसतं. वडिलांना 'तुम्हाला फसवलं' असं म्हणू नका, माणूस आणखी हट्टाला पेटतो. तोच कार्यक्रम दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत बसून बघा. नग तितकेच उरलेले असतात.

औषधांच्या बाबतीत कायदा बराच कडक आहे, पण लोकांना तो माहीत नसतो. १९५४चा औषधे आणि जादुई उपाय कायदा काही विकारांची यादीच देतो. त्यात मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, लठ्ठपणा, रक्तदाब, मुतखडा, लैंगिक दुर्बलता, पांढरे डाग, अगदी उंचीसुद्धा आहे. हे बरं करण्याचा दावा करणारी जाहिरात लोकांपुढे करणं हाच गुन्हा. औषध चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा. 'मधुमेह मुळापासून बरा' हे वाचलंत की पुढचं वाचायची गरज नाही. पांढरा कोट घालून शिफारस करणाऱ्याबद्दल एवढं लक्षात ठेवा की भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरला औषधाची किंवा उपचार-साधनाची जाहीर शिफारस करायला बंदी आहे. कोटातला माणूस बहुतेक वेळा मॉडेल असतो, आणि खरा डॉक्टर असेल तर तो नियम मोडतोय. 'आयुष मान्यताप्राप्त' म्हणाल तर आयुष मंत्रालय कुठल्याही औषधाला मान्यता देत नाही, उत्पादनाचा परवाना राज्य सरकार देतं. 'आयएसओ प्रमाणित' हे कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, डबीतल्या चूर्णाबद्दल नाही. पाकिटावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा नियामकाचा, १४ आकडी क्रमांक तर व्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी आहे, पौष्टिकतेचं प्रमाणपत्र नव्हे.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'प्रेमात अपयश, सौतनपासून सुटका, २४ तासांत गुण'वाल्या बाबांच्या पत्रकांना तुम्ही हसता, पण त्याच कुळीतली देवाच्या नावाची यंत्रं टीव्हीवर गुळगुळीत वेष्टनात विकली जायची. जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अशा चमत्कारी गुण सांगणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. देवाचं नाव घेतलंय म्हणून तक्रार करायला कचरू नका.

घराच्या जाहिरातीत चित्र आणि शब्द दोन्ही मिळून काम करतात. 'स्टेशनपासून ५ मिनिटं' यात कशाने, किती वाजता आणि कुठल्या स्टेशनापासून हे तिन्ही गाळलेलं असतं. मध्यरात्री रिकाम्या रस्त्यावर मोटारीने पाच मिनिटं लागत असतीलही. 'मेट्रोलगत' म्हणजे कधीकधी प्रस्तावित मेट्रोलगत. 'कलाकाराची कल्पना' ही ओळ असली की समोरची बाग, तलाव आणि पोहणारी मुलं यांतलं काहीच कबूल केलेलं नाही असं विकासक म्हणू शकतो. किमतीचं तर विचारूच नका. '८० लाखांपासून' म्हटलं की त्यावर ५ टक्के जीएसटी ४ लाख, पुण्यासारख्या ठिकाणी ७ टक्के मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार, असे ९ लाख ९० हजार वर चढतात. पार्किंग, वरच्या मजल्याचा जादा दर आणि देखभालीची आगाऊ रक्कम वेगळीच. आणि 'पासून'वाला तो एक फ्लॅट नेहमीच नुकताच विकला गेलेला असतो.

इथे मात्र ग्राहकाच्या हातात जे हत्यार आहे ते दुसऱ्या कुठल्याच धंद्यात नाही. प्रत्येक जाहिरातीत महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक हवा, आणि १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही. तो स्कॅन केला की विकासकाने सरकारदरबारी काय कबूल केलंय ते दिसतं: पूर्णत्वाची तारीख, चटई क्षेत्र, मंजूर मजले, चालू असलेले खटले. एक गंमत सांगते. 'शेवटचे ३ फ्लॅट' अशी जाहिरात असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या नोंदलेल्या फ्लॅटचा आकडा बघा. ही माहिती दर तीन महिन्यांनी अद्ययावत करणं विकासकावर बंधनकारक आहे. अर्धी इमारत रिकामी असताना 'शेवटचे ३' म्हणणारे भेटतात, आणि विचारल्यावर 'त्या मजल्यावरचे शेवटचे ३' असं उत्तर देतात. दुसरं म्हणजे माहितीपत्रक फेकू नका. रेरा कायद्याच्या कलम १२नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील तर भरपाई मागता येते, प्रकल्पातून बाहेर पडायचं तर पैसे व्याजासह परत मागता येतात. त्यासाठी तेच चकचकीत पत्रक पुरावा म्हणून लागतं.

किराणा आणि खाद्यपदार्थांबद्दल थोडक्यात. पाकिटाची दर्शनी बाजू जाहिरात असते, मागची बाजू कबुलीजबाब. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. समोर आंब्याची फोड आणि मागे पहिलं नाव पाणी, दुसरं साखर, हे रोजचं दृश्य आहे. जून २०२४मध्ये एफएसएसएआयने '१००% फळांचा रस' हा दावा लेबलवरून आणि जाहिरातींतून काढायला सांगितला, कारण बरेच रस अर्कात पाणी मिसळून पुन्हा बनवलेले असतात. '३०% जास्त' आणि 'एकावर एक मोफत' यांच्यासाठी पाकिटावर छापलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति मिली दर बघा. आवळा देऊन कोहळा काढलाय का, ते तिथे लगेच दिसतं.

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल दुकानदाराला फक्त विचारा की आत्ता रोख दिले तर कितीला. रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे बँकांना सुनावलं होतं. व्याज असतंच, फक्त ते सूट म्हणून वळतं करतात, म्हणजे एरवी मिळाली असती ती सूट व्याजात जिरते. वर प्रक्रिया शुल्क, आणि व्याजावरचा १८% जीएसटी बहुधा तुमच्याच खात्यातून.

मोबाइलवरच्या युक्त्यांना ग्राहक प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत डार्क पॅटर्न म्हटलंय आणि त्यांचे १३ प्रकार दिलेत. ओळखायला सोपे: उलटी मोजणी करणारं घड्याळ, न सांगता टोपलीत शिरलेला विमा किंवा दानाचा रुपया, शेवटच्या पानावर उगवणारं शुल्क, एका टिचकीत घेता येणारं पण रद्द करायला सात पानं लावणारं सदस्यत्व, आणि 'नको, मला कुटुंबाची काळजी नाही' अशा मजकुराचं नकाराचं बटण. घड्याळ खरं की खोटं हे बघायला दुसऱ्या फोनवरून तेच पान उघडा. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली तर काय ते समजा.

छुप्या जाहिरातींबद्दल फार लिहीत नाही. वर्तमानपत्रात बातमीच्याच टायपात छापलेला मजकूर असला तर कोपऱ्यात कुठे 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' आहे का ते बघा. रील करणाऱ्यांनाही पैसे किंवा वस्तू घेतल्या असतील तर तसं ठळक सांगणं बंधनकारक आहे. गुटख्याच्या घराण्यातली वेलची आणि दारूच्या नावाचा सोडा यांना तर सगळेच ओळखतात.

एक बाजू मात्र न्यायाने सांगायला हवी. सगळी अतिशयोक्ती फसवणूक नसते. 'आईच्या हातची चव' किंवा 'जगातला सगळ्यांत ताजा चहा' यांना कुणी पुरावा मागत नाही, मागूही नये. दिवाळीच्या जाहिरातीत परदेशातला मुलगा अचानक दारात उभा राहतो आणि आपले डोळे भरून येतात, यातही बेकायदा काही नाही. मोहात पाडणं हा आमचा धंदाच आहे. मापता येण्यासारखी गोष्ट सांगितली, म्हणजे आकडा, दिवस, टक्के, रोग, रँक किंवा अंतर, की मग मात्र पुरावा द्यायची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते. ही रेघ लक्षात ठेवली तर निम्म्या जाहिरातींवर डोकं शिणवावं लागत नाही.

मराठी वाचकांच्या बाबतीत एक गोष्ट मला कायम खटकते. मथळा मराठीत, ठसठशीत, आणि खालच्या अटी मुंगीएवढ्या इंग्रजीत. ग्राहक प्राधिकरणाच्या ९ जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत, त्याच फाँटमध्ये आणि सहज दिसेल अशा जागी हवा. दावा आवाजात केला असेल तर खुलासा त्याच वेळी पडद्यावर हवा. मथळ्याशी विसंगत खुलासा तर चालतच नाही. 'पूर्ण मोफत' असं वर लिहून खाली 'शुल्क लागू' म्हणता येत नाही. इंग्रजी अटींची मराठी जाहिरात दिसली की एवढ्या एका मुद्द्यावरही तक्रार होते.

तक्रार करायला वकील लागत नाही. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, म्हणजे एएससीआय, ही १९८५पासूनची मुंबईतली स्वनियमन संस्था संकेतस्थळावर फुकट तक्रार घेते. तिला दंड करता येत नाही, पण जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला लावते आणि बऱ्याच कंपन्या ऐकतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. केंद्रीय प्राधिकरणाला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पहिल्या वेळी १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करता येतो, जाहिरात करणाऱ्या तारे-तारकांवर बंदीही घालता येते. त्याच कायद्याच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हेही दिशाभूलच धरलंय, म्हणून 'आम्ही खोटं कुठे लिहिलं?' हा बचाव तिथे पुरत नाही. प्रत्यक्ष पैसे अडकले असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे दाद मागता येते, आणि ५ लाखांपर्यंत फी पडत नाही.

तक्रारीत भावना नको, तीन गोष्टी हव्यात: जाहिरातीचा तारखेसह फोटो किंवा स्क्रीनशॉट, त्यातलं आक्षेपार्ह वाक्य जसंच्या तसं, आणि ते वाचून तुमचा काय समज झाला ते एका ओळीत. कागदावर लिहायला सांगितलेलं वाक्य इथे उपयोगी पडतं. मुलीच्या क्लासची फी भरण्याआधी कोर्सनिहाय निकालाचा प्रश्न त्यांना ईमेलने विचारा, फोनवर नको. उत्तर आलं तर निर्णय घ्यायला उपयोगी पडेल. आलंच नाही, तर तो ईमेल होर्डिंगच्या फोटोसोबत तक्रारीला जोडा.